आकडा कुणाचा आणि कितव्या दिवसाचा? उंदराच्या जनुकांविषयी

कराडच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा. तिनं उंदराच्या यकृताची, सर्वांसाठी खुली असलेली आरएनए सिक्वेन्सिंगची, म्हणजे कुठलं जनुक किती चालतंय ते त्याच्या आरएनएवरून मोजणारी, माहिती उतरवून घेतली. एका बाजूला ई १४.५ चा, म्हणजे गर्भधारणेनंतरच्या साडेचौदा दिवसांचा गर्भ. दुसऱ्या बाजूला आठ आठवड्यांचा पूर्ण वाढलेला उंदीर. तुलना केल्यावर गर्भाच्या यादीत सगळ्यात वर हिमोग्लोबिनची जनुकं आली. मार्गदर्शक म्हणाले, नमुन्यात रक्त मिसळलंय, काढून टाक. तिचं मन मानेना. ती विचारते, 'नमुना टाकायचा का? आणि मुळात तेच जनुक एका अवयवात जोरात चालतं, दुसऱ्यात बंद असतं, गर्भात असतं, मोठेपणी नसतं, हे घडतं कसं?'

टाकू नकोस. साडेचौदा दिवसांच्या यकृतात हिमोग्लोबिन सगळ्यात वर दिसलं नसतं, तर मी नमुन्यावर शंका घेतली असती. मी सांगलीची. उंदरांच्या गर्भांवर काम करण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली, आणि या एका गोष्टीवर विद्यार्थ्यांचे चांगले नमुने कचऱ्यात गेलेले मी पाहिले आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

उंदराचा गर्भकाळ १९ ते २० दिवसांचा. साधारण साडेसातव्या दिवशी पहिल्या रक्तपेशी गर्भाबाहेरच्या पीतक कोशात तयार होतात. पुढे, दहा-अकराव्या दिवसाच्या सुमारास, रक्ताच्या मूळपेशी यकृतात मुक्कामाला येतात आणि तिथं रक्त बनवण्याचं काम सुरू होतं. तेराव्या-चौदाव्या दिवशी ते ऐन भरात असतं. त्या वेळचं यकृत म्हणजे बिऱ्हाडांनी भरलेला जुना वाडा. मालक, म्हणजे यकृताच्या स्वतःच्या पेशी, कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत. बाकी सगळा वाडा तांबड्या पेशी घडवणाऱ्या बिऱ्हाडकरूंचा. जन्माच्या आसपास ही बिऱ्हाडं अस्थिमज्जेत हलतात आणि मालक वाडाभर पसरतात. पाटी दोन्ही वेळा 'यकृत' अशीच. तू त्या वाड्याची दोनदा शिरगणती केलीस, एकदा बिऱ्हाडं असताना आणि एकदा ती गेल्यावर. म्हणून यादी बदलली.

आता त्याच तक्त्यात एएफपी, म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीनचं जनुक शोध. तेही गर्भात खूप वर दिसेल आणि मोठ्या उंदरात जवळपास शून्य. जन्मानंतर काही आठवड्यांत त्याचा आरएनए सुमारे दहा हजार पटींनी घटतो. आलेखावर हिमोग्लोबिनची आणि एएफपीची रेषा सारखीच उतरती दिसते. पण दोन्हींमागची गोष्ट अगदी वेगळी आहे. हिमोग्लोबिन घटलं कारण ते बनवणाऱ्या पेशी निघून गेल्या. एएफपी घटलं कारण त्याच यकृतपेशींनी, वाडा न सोडता, ते जनुक बंद केलं. त्याच्या अगदी शेजारी, पाचव्या गुणसूत्रावर, अल्ब्युमिनचं जनुक आहे. ते गर्भात चालू होतं आणि जन्मभर चालू राहतं. शेजारशेजारची दोन भावंडं, एक गप्प झालं, दुसरं बोलत राहिलं. तुझ्या प्रश्नाचं मूळ उत्तर या दोन उतरत्या रेषांत आहे. ऊतीचा आकडा बदलला, की आधी विचारायचं: पेशी बदलल्या, की पेशी त्याच राहून त्यांचं वागणं बदललं? नुसत्या यकृताच्या लगद्यातून काढलेल्या आरएनएला हे सांगता येत नाही. तो सगळ्या गर्दीचा एकत्र आवाज असतो.

पेशी त्याच राहून वागणं बदलण्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण हृदयाचं. स्नायूला ओढ देणारं मायोसिन हे प्रथिन हृदयात दोन प्रकारचं असतं, अल्फा आणि बीटा. उंदराच्या गर्भात हृदयाच्या जवनिकांत, म्हणजे खालच्या कप्प्यांत, बीटाचं जनुक जोरात असतं. जन्मानंतर थायरॉइडचं संप्रेरक वाढतं, बीटा मागे पडतं आणि अल्फा पुढे येतं. अल्फा वेगवान आहे. मिनिटाला ५०० ते ६०० ठोके देणाऱ्या हृदयाला ते हवंच. माणसात मात्र मोठेपणीही जवनिकांत बीटाच वरचढ राहतं. उंदराच्या आकड्यावरून माणसाबद्दल बोलताना हे कायम डोक्यात ठेव. इन्सुलिनचंही तसंच: उंदराला त्याची दोन जनुकं आहेत, माणसाला एक.

आतड्यात बघ. दुधावर असलेल्या पिलाच्या लहान आतड्यात लॅक्टेजचं जनुक जोरात असतं. तिसऱ्या आठवड्यात पिलू दाणे कुरतडू लागतं, लॅक्टेज उतरतं आणि साखर फोडणारं सुक्रेज चढतं. म्हणून वीस दिवसांचं पिलू आणि तीस दिवसांचं पिलू 'लहान उंदीर' म्हणून एका गटात टाकू नयेत. वृषणाचं उदाहरण याच्या उलट जातं. सात दिवसांच्या पिलाच्या वृषणात शुक्राणूंचा डीएनए घट्ट बांधणाऱ्या प्रोटामिनचं जनुक दिसणार नाही, कारण ते वापरणाऱ्या पेशी अजून जन्मालाच आलेल्या नसतात. शुक्रपेशींची पहिली लाट पुढे सरकत विसाव्या दिवसाच्या सुमारास त्या टप्प्यावर पोचते, आणि तेव्हा तो आकडा एकदम उसळतो. तिथं नवी बिऱ्हाडं आली.

वयाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मी स्वतः यात पोळले आहे.

नर-मादी ठरवणारं एसआरवाय हे जनुक वाय गुणसूत्रावर आहे. १९९१ साली लंडनमधल्या संशोधकांनी हे जनुक असलेला डीएनएचा छोटा तुकडा दोन एक्स गुणसूत्रं असलेल्या उंदरात घातला, आणि मादी व्हायचा तो जीव वृषण घेऊन नर म्हणून जन्मला. एवढं ताकदीचं जनुक, पण जननग्रंथीच्या सुरुवातीच्या उंचवट्यात ते चालू असतं जेमतेम दोन दिवस: साडेदहाव्या दिवशी सुरू, साडेअकराव्या दिवशी शिखरावर, साडेबाराव्याच्या सुमारास बंद. तेराव्या दिवसाचा गर्भ घेऊन बसलेला माणूस शपथेवर सांगेल की हे जनुक इथं चालतच नाही.

आपल्या साताऱ्यात हे समजवायला कासचं पठार पुरेसं आहे. एप्रिलमध्ये वर गेलं तर तांबडा खडक आणि वाळकं गवत. ऑगस्ट-सप्टेंबरात तोच खडक गेंदानं पांढरा होतो, तेरड्यानं गुलाबी, सीतेच्या आसवांनी निळा-जांभळा. आणि टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच फुलते. एका दिवशीच्या फोटोवरून 'या पठारावर अमुक फूल नाही' असं कुणी लिहिलं, तर इथला गुराखीसुद्धा ते खोडून काढेल. ऊतीच्या तक्त्यातलं शून्य असंच वाचायचं. ते त्या दिवसापुरतं शून्य आहे.

माझ्या पहिल्या वर्षात दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून गर्भ आले होते. डब्यांवर ११.५ लिहिलेलं. एसआरवायचा मागमूस मिळेना. तीन महिने मी रसायनं बदलली, जनुक शोधायला वापरतात ते डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, बदलले, स्वतःच्या हातांवर शंका घेतली. शेवटी कळलं ते एवढंच, की मादीत मिलनाची खूण, म्हणजे प्लग, दिसला त्या सकाळपासून आम्ही शून्य मोजत होतो आणि ते एक मोजत होते. डब्यातले गर्भ आमच्या हिशेबानं साडेदहाचे, जनुक नुकतं जागं होऊ लागण्याच्या वेळचे. तेव्हापासून मी डब्यावरच्या तारखेवर विसंबत नाही. एकाच मादीच्या पोटातले गर्भही काही तासांनी पुढे-मागे असतात. म्हणून शेपटीतले सोमाइट मोजते. हे पाठीशी ओळीनं बसणारे पेशींचे ठोकळे. साडेदहाव्या दिवशी मागच्या पायाच्या कळीच्या पलीकडे साधारण आठ, साडेअकराव्याला अठरा, साडेबाराव्याला तीसच्या आसपास. मोजायला पाच मिनिटं लागतात. तुझ्या माहितीसोबत जी टिपणं आली असतील त्यांत दिवस कसा मोजलाय, हे आधी वाच.

आता 'कसं घडतं' हा भाग. सगळ्या पेशींत डीएनए तोच. काही अपवाद सोडले, जसं की प्रतिकारशक्तीच्या बी आणि टी पेशी, ज्या आपल्या काही जनुकांची कापून जुळणी करतात. उंदरात प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांवर आहेत आणि त्यांतली हजारो बहुतेक पेशींत चालू असतात. फरक पडतो तो ती कुठं, कधी, किती चालवायची हे ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांमुळे. त्यांना एन्हान्सर म्हणतात. एका जनुकाला असे अनेक एन्हान्सर असतात आणि प्रत्येकजण वेगळ्या ऊतीचा, वेगळ्या वेळेचा कारभार बघतो.

सोनिक हेजहॉग नावाचं जनुक घे. ते मेंदू, पाठीचा कणा, हातपाय अशा कित्येक ठिकाणी लागतं. ते पूर्ण काढून टाकलं तर गर्भाचा मेंदू आणि चेहरा बिघडतो, आणि तो जगत नाही. पण हातापायांच्या कळीत हे जनुक चालू करणारा एन्हान्सर त्याच्यापासून डीएनएची साडेआठ लाखांच्या आसपास अक्षरं दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात बसलाय. २००५ साली जपानी संशोधकांनी उंदरात फक्त तेवढा तुकडा काढला. जनुक शाबूत, मेंदू ठीक, पण हातपाय खुंटलेले. याच तुकड्यात एखादं अक्षर बदललं तर जादा बोटं येतात. मला विचारशील तर ऊतींप्रमाणे जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे त्यांचं चालू असणं, का बदलते, याचं इतकं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कुठल्या प्रयोगानं दिलेलं नाही.

आणि हे निर्णय आरएनए दिसण्याच्या बरेच आधी होतात. तासगावकडचे द्राक्ष बागायतदार हे आपल्यापेक्षा चांगलं जाणतात. घड दिसतात ऑक्टोबर छाटणीनंतर, पण काडीत घड धरणार की नाही हे ठरतं एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत, डोळ्याच्या आत. म्हणून तर छाटणीआधी काड्या तपासून घेतात. बाहेरून डोळा मुका, आत घडाची मांडणी झालेली. अल्ब्युमिनचं तसंच आहे. यकृत तयार होण्याआधीच, गर्भाच्या आतल्या थरातल्या पेशींत फॉक्स-ए नावाची प्रथिनं अल्ब्युमिनच्या एन्हान्सरवर येऊन बसलेली असतात. त्या पेशींत अल्ब्युमिनचा आरएनए नसतो, पण जागा मोकळी करून ठेवलेली असते. शेजारच्या हृदयाच्या ऊतीकडून इशारा आला की मग जनुक चालू होतं. त्यामुळे दोन पेशींत एखादं जनुक सारखंच बंद दिसलं, तरी एकीत ते छाटणीची वाट बघत असेल आणि दुसरीत कायमचं कुलूपबंद. आरएनएच्या तक्त्यात दोन्हीकडे शून्यच दिसतं. हा फरक बघायचा तर क्रोमॅटिन, म्हणजे प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए, किती मोकळं आहे, हे मोजणारी वेगळी पद्धत लागते.

तुझ्या तक्त्याकडे परत येते. आकडे टीपीएममध्ये असतील, म्हणजे दर दहा लाखांत किती. हा वाटा आहे, मोजमाप नव्हे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आवक एका आठवड्यात प्रचंड वाढली, तर एकूण मालात गुळाचा टक्का घसरतो. गुळाची ढेप एकही कमी झालेली नसते. गर्भाच्या यकृतात हिमोग्लोबिनचा आरएनए इतकी जागा खातो की बाकीची जनुकं उगाच दबलेली दिसतात. स्वादुपिंडात तर पचनाची मोजकी जनुकंच बहुतेक जागा व्यापतात. म्हणून हिमोग्लोबिनची जनुकं मोजणीतून वगळून उरलेल्यांचा वाटा पुन्हा काढ आणि दोन्ही याद्या शेजारी ठेव. हे केल्यावर तुझ्या 'घटलेल्या' जनुकांपैकी बरीच जाग्यावर येतील.

पीसीआरनं, म्हणजे एकेका जनुकाचा आरएनए वेगळा मोजणाऱ्या पद्धतीनं, पडताळणी करणार असशील तर गॅपडीएच किंवा बीटा-ॲक्टिनला 'सगळीकडे सारखं' समजून आधार मानू नकोस. गॅपडीएच स्नायूत भरपूर असतं, इतर ठिकाणी बरंच कमी. ॲक्टिन गर्भात भरभरून, मोठ्या उंदराच्या स्नायूत थोडं. वाढत्या गर्भात ज्या जनुकाला तू मोजपट्टी मानतेस, तीच लांब-आखूड होत असते. दोन-तीन आधार-जनुकं घे आणि ती तुझ्याच ऊतींत, तुझ्याच वयांत स्थिर आहेत का हे आधी तपास.

उंदराची जातही विचार. बीएएलबी-सीजे या जातीच्या उंदरात मोठेपणीही एएफपी इतर जातींपेक्षा कित्येक पट जास्त राहतं, कारण एएफपीला दाबून ठेवणारं त्यांचं झेडएचएक्स-२ हे जनुक बिघडलेलं आहे. आणि घड्याळ विसरू नकोस. २०१४ साली उंदराच्या १२ अवयवांत दिवसभर ठरावीक अंतरानं नमुने घेतले गेले, तेव्हा प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांपैकी ४३ टक्के जनुकं कुठल्या ना कुठल्या अवयवात दिवसाच्या वेळेप्रमाणे वर-खाली होताना सापडली. यकृतात सगळ्यात जास्त. उंदीर रात्री खातो. सकाळी नऊला काढलेलं यकृत आणि संध्याकाळी सातला काढलेलं यकृत ही तुलना वयाची म्हणून छापली जाते, याचा मला खरोखर त्रास होतो.

नमुने कुठल्या खेपेत वाचले गेले तेही बघ. २०१४ साली एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं होतं की उंदराची ऊती माणसाच्या त्याच ऊतीपेक्षा उंदराच्याच दुसऱ्या ऊतींशी जास्त जुळते. पुढच्या वर्षी दोघा संशोधकांनी नोंदी चाळल्या. उंदराचे आणि माणसाचे नमुने बहुतांशी वेगवेगळ्या खेपांत वाचले गेले होते. तो परिणाम वजा केल्यावर यकृत यकृताशी आणि मेंदू मेंदूशी जुळू लागला. तुझे गर्भाचे सगळे नमुने एका प्रकल्पातले आणि मोठ्या उंदरांचे सगळे दुसऱ्या प्रकल्पातले असतील, तर कितीही संख्याशास्त्र वापरलंस तरी वय आणि प्रकल्प वेगळे काढता येणार नाहीत. एकाच प्रकल्पात गर्भापासून मोठ्या उंदरापर्यंत सगळी वयं असलेली माहिती घे. २०१९ साली अशी एक माहिती आली: सात अवयव, उंदरासह माणूस, ससा, कोंबडी असे सात प्राणी, आणि उंदराचे नमुने साडेदहाव्या दिवसापासून जन्मानंतरच्या ६३ व्या दिवसापर्यंत. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वेगवेगळ्या प्राण्यांचे तेच अवयव सुरुवातीला एकमेकांशी जास्त जुळतात आणि वाढीबरोबर वेगळे होत जातात.

आणि गर्दीतला एकेक आवाज ऐकायचा असेल तर आता एकेका पेशीचे नकाशे आहेत. २०१८ साली मोठ्या उंदराच्या २० अवयवांतल्या सुमारे एक लाख पेशींचा टॅब्युला म्युरिस आला. २०१९ साली साडेनऊ ते साडेतेरा दिवसांच्या ६१ गर्भांतल्या वीस लाखांच्या आसपास पेशी वाचल्या गेल्या. हे सगळं फुकट मिळतं, कराडमध्ये बसून. पण हे नकाशेही डोळे झाकून घेऊ नयेत. मोठ्या, नाजूक किंवा चिकटून बसणाऱ्या पेशी सुट्या करताना मरतात आणि मोजणीत कमी येतात. पेशींची टक्केवारी त्यामुळे वाकडी होते. अभिव्यक्ती जागेवर बघायची असेल तर ऊतीच्या कापावर रंग आणणारी इन सिटू पद्धत अजूनही मला सगळ्यात विश्वासाची वाटते.

आता मार्गदर्शकांना काय दाखवायचं ते. रक्त नुसतं मिसळलेलं असेल तर ते रक्तवाहिन्यांतून आलेलं असणार, म्हणजे त्याच गर्भाच्या मेंदूत आणि हृदयातही हिमोग्लोबिन साधारण त्याच पातळीवर दिसायला हवं. त्याच प्रकल्पातले ते दोन नमुने उतरवून घे. यकृताचा आकडा त्यांच्या कितीतरी पट वर असेल. दुसरं, गाटा-१ आणि किट ही जनुकं बघ. ती रक्त घडवण्याच्या आधीच्या टप्प्यांवरच्या, अजून पिकायच्या पेशींत चालतात. वाहत्या रक्तातल्या तयार तांबड्या पेशींत त्यांचा आरएनए नावापुरता. ती दोन्ही यकृतात वर आणि मेंदू-हृदयात खाली आली, तर तिथं रक्त घडत होतं. तिसरं, वाटेतले दिवस लाव: साडेबारा, साडेचौदा, साडेसोळा, जन्म, एक आठवडा. हिमोग्लोबिन आणि गाटा-१ यांच्या रेषा सोबत उतरताना दिसतील, आणि अल्ब्युमिनची त्यांच्या उलट चढताना. हात चुकून रक्त मिसळलं असतं तर ते दिवसांप्रमाणे असं शिस्तीत कमी झालं नसतं. हा आलेख सरांपुढे ठेव, आणि नमुना तोवर तक्त्यात राहू दे.